त्याने कूलर चालू करूनही पाहिला नाही

मे महिन्यात परीक्षा आटोपल्या की इंदूरच्या भंवरकुआं भागात एकच धावपळ सुरू होते. खोल्या रिकाम्या करायच्या असतात, गावी जायच्या गाड्या भरलेल्या असतात आणि जिन्याजिन्यात कूलर, गाद्या, टेबलं उतरवून ठेवलेली दिसतात. फसवणाऱ्यांनाही हे दिवस तोंडपाठ असतात. मागच्या मे महिन्यात मी आणि माझा रूममेट असेच सापडलो. तुमच्या घरातलं कोणी यंदा खोली सोडणार असेल, तर त्याला हे वाचायला द्या.

आम्ही दोघं जळगाव जिल्ह्यातले. तीन वर्षं एका मराठी काकूंच्या घरी वरच्या मजल्यावर राहिलो. निघताना विकायला काढलेलं सामान असं: सिंगल डोअर फ्रिज 5,500, कूलर 2,800, दोन लोखंडी पलंग 1,800 आणि सायकल 1,400. एकूण 11,500 रुपये. गल्लीतला अटालेवाला सगळ्याचे मिळून तीन हजार म्हणत होता (भंगाराला इथे अटाला म्हणतात). ते जिवावर आलं, म्हणून मोबाइलवर जाहिरात टाकली.

तासाभरात एकाचा फोन आला. "भिया, सब ले लूँगा. खाली कब कर रहे हो?" मी सांगितलं, आज रात्री नऊची बस आहे. त्याने एक रुपयाही कमी करायला सांगितलं नाही. साडेसातला येतो म्हणाला. भला माणूस दिसतोय, असं आम्ही आपसात बोललोसुद्धा.

तो आला आठ वाजून वीस मिनिटांनी. सोबत लोडिंग रिक्षा आणि दोन पोरं. आता आठवलं की सगळं लख्ख दिसतं. जुना कूलर घेणारा माणूस आधी तो चालू करतो, पंप पाणी वर चढवतो की नाही बघतो, बाजूची खस बोटाने दाबून पाहतो. फ्रिज घेणारा प्लग लावून कॉम्प्रेसरचा आवाज ऐकतो. याने प्लगला हातही लावला नाही. आमचा फ्रिज त्याने रिक्षात चक्क आडवा टाकला. फ्रिज असा आडवा नेला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं, हे या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं. ज्याने पैसे मोजलेत तो स्वतःची वस्तू अशी नेत नाही. पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं, आणि म्हणूनच त्याने फोनवर बाकी काही न विचारता फक्त निघायची वेळ विचारली होती.

सामान चढल्यावर त्याने माझा नंबर विचारला, मोबाइलवर बोटं चालवली आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. हिरवी खूण, 11,500 आणि खाली माझं पूर्ण नाव. लगेच माझ्या फोनवर मेसेजही आला, खात्यात रक्कम जमा झाल्याचा. मी बँकेचं ॲप उघडलं तर ते नुसतं फिरत राहिलं. "अरे भिया, सर्वर डाउन है, रात तक दिख जाएगा," म्हणत त्याने रिक्षा सुरू केली. काकू दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, मोबाइल त्याचा, मग पैसे आले हे तुला कसं कळलं?" मी म्हटलं, "मेसेज आलाय काकू." आणि पाया पडून निघालो.

बऱ्हाणपूरच्या अलीकडे बस चहाला थांबली तेव्हा खातं बघितलं. शिल्लक 640 रुपये. त्याचा फोन बंद. मेसेज पुन्हा नीट वाचला, तर तो दहा आकडी साध्या मोबाइल नंबरवरून आला होता. बँकेचा मेसेज कधीही अशा नंबरवरून येत नाही, पाठवणाऱ्याच्या जागी बँकेच्या नावाची इंग्रजी अक्षरं असतात. हिरव्या खुणेची स्क्रीन दाखवणारी नकली ॲप असतात, त्यात रक्कम आणि नाव हवं ते टाकता येतं, हेही मला त्यानंतर कळलं.

म्हणून सांगतो, समोरच्याची स्क्रीन आणि आलेला मेसेज, दोन्हींवर विश्वास ठेवू नका. स्वतःच्या यूपीआय ॲपमध्ये शिल्लक तपासा आणि ती वाढलेली दिसेपर्यंत सामान दाराबाहेर जाऊ देऊ नका. सर्व्हर खरंच बंद असेल तर रोख मागा. आमच्या वर्गातल्या एकीला टेबल विकताना घेणाऱ्याने क्यूआर कोड पाठवला होता, स्कॅन करून पिन टाक म्हणजे पैसे येतील म्हणून. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. शिल्लक बघायला तो लागतो, पण असा कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच. ती वेळीच थांबली. तुमच्या खात्यातून रक्कम गेली असेल तर क्षणभरही न थांबता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

आमचे पैसे गेले नव्हते, वस्तू गेल्या होत्या. तक्रारीसाठी पुन्हा इंदूर गाठावं लागेल असं वाटून मी चार दिवस घरी गप्प बसलो, ही माझी दुसरी चूक. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू झाले आहेत. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. मी शेवटी जळगावातच तक्रार दिली. फ्रिजचं बिल वडिलांनी जपून ठेवलं होतं, त्यावरचा सिरियल नंबर तक्रारीत घालता आला. तुम्हीही वस्तू देण्याआधी सिरियल नंबरचा आणि रिक्षाच्या नंबर प्लेटचा फोटो काढून ठेवा. मी रिक्षाचा काढला नाही.

फ्रिज अजून सापडलेला नाही. रंग गडद लाल (मरून), आतल्या भाजीच्या ट्रेवर गरम झाकण टेकून वितळल्याची अर्धगोल खूण आहे. सायकल निळी, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगाने "जळगाव" लिहिलेलं, त्यातला ज अर्धा खरवडलेला. इंदुरात कुणाला यातलं काही दिसलं, तर विकणाऱ्याशी वाद घालू नका, जवळच्या ठाण्यात कळवा.