चित्रकारांसाठी स्टुडिओ-व्यवसायाचा वर्ग: गॅलरी शिकवतो, ऑर्डर शिकवत नाही

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आठ शनिवार चालणाऱ्या या वर्गाची फी ८,५०० रुपये आहे आणि पहिल्या तीन शनिवारांतच ती वसूल होते. तक्रार आहे ती पुढच्या पाचांबद्दल. कॉलेजातून बाहेर पडून चार-पाच वर्षं झालेले, हातात काम असलेले पण हिशेब नसलेले चित्रकार-शिल्पकार डोळ्यांसमोर ठेवून वर्ग आखलाय. नवशिक्यांनी जाऊ नये; चित्रंच वीस नसतील तर यादी कसली करणार?

पहिला शनिवार किमतीचा, आणि तो खणखणीत आहे. आपल्याकडे सर्रास स्क्वेअर इंचाचा भाव धरतात. इंचाला २५ रुपये धरले तर २४ बाय ३६ चं चित्र ८६४ चौरस इंचांचं, म्हणजे २१,६०० रुपये. ठीक वाटतं. तोच भाव ६ बाय ८ ला लावला की येतात १,२००. त्यातून फ्रेम आणि माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) वजा केलं की रंगाचे पैसेही धड सुटत नाहीत. उलट ४८ बाय ७२ ला तो आकडा ८६,४०० वर जातो आणि गिऱ्हाईक नुसतं बघून पुढं सरकतं. म्हणून वर्गात लांबी अधिक रुंदी धरायला शिकवतात. २४ अधिक ३६ म्हणजे ६०, त्याला ३६० ने गुणलं की तेच २१,६००; पण आता लहान चित्र ५,०४० ला आणि मोठं ४३,२०० ला बसतं. यात एक भर हवी होती. फार मोठ्या कॅनव्हासला आडवी पट्टी टाकलेलं जाड स्ट्रेचर, म्हणजे कॅनव्हास ताणून बसवायची लाकडी चौकट, लागतं, न्यायला टेम्पो लागतो, आणि हा खर्च बेरजेच्या सूत्रात कुठंच येत नाही. चार फुटांच्या वर साहित्य आणि वाहतूक वेगळी लावावी.

त्याच दिवशी कमिशनचं गणित फळ्यावर मांडतात. गॅलरीचे ४० टक्के गेले की २१,६०० चे १२,९६० उरतात, त्यातून फ्रेम आणि पाठवणी. यावर बहुतेकांचा उपाय एकच: स्टुडिओत आलेल्याला थेट कमी भावात देऊन टाकायचं. गॅलरीला हे कळतंच, आणि पुढच्या वेळी ती चित्र लावायला भिंत देत नाही. भाव सगळीकडे एकच ठेवायचा, सूट जास्तीत जास्त दहा टक्के, आणि तीही बिलावर लिहून. कोल्हापुरात प्रत्येक गिऱ्हाईक कुणाचा ना कुणाचा पाव्हणा असतो, त्यामुळं ही बिलावरची ओळच भिडस्त चित्रकाराला वाचवते.

दुसरा शनिवार चित्राच्या फोटोचा. नुसतं बोलणं नाही, दिवे लावून करून दाखवतात. दोन दिवे दोन बाजूंना ४५ अंशांत, सारख्या अंतरावर. खिडकी बंद, कारण दिव्याचा आणि उन्हाचा रंग मिसळला की पांढरा कधीच पांढरा येत नाही. कॅमेरा सरळ आहे का ते तपासायला चित्राच्या मधोमध छोटा आरसा सपाट टेकवतात. आरशाच्या बरोबर मध्यात लेन्स दिसली तर कॅमेरा समांतर, नाहीतर चौकोनाचा पतंग होतो. तैलरंगाची चकाकी मारायला दिव्यांवर पोलरायझिंग शीट आणि लेन्सवर तसाच फिल्टर, एकमेकांना काटकोनात. एका कडेला रंग ताडून बघायची रंगपट्टी ठेवूनच पहिला फोटो घ्यायचा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची लांब बाजू ६,००० पिक्सेल, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २० इंचांपर्यंत छपाई चोख येते. त्याहून मोठी प्रिंट विकायची असेल तर चित्राचे तुकड्यातुकड्यांनी फोटो घेऊन जोडावे लागतात. हे करायला सांगतात, करून दाखवत नाहीत.

तिसरा दिवस नोंदवहीचा: क्रमांक, नाव, वर्ष, माध्यम, आधी उंची मग रुंदी, भाव, आणि चित्र आत्ता आहे कुठं. हा शेवटचा रकाना बहुतेकांच्या वहीत नसतोच. साठवणुकीवरून मात्र घाईघाईनं पुढं गेले, आणि इथल्या पावसाळ्यात तेच महागात पडतं. जूनमध्ये चित्र बबलरॅपमध्ये घट्ट गुंडाळून ठेवलं तर ओल आत कोंडते आणि सप्टेंबरात कॅनव्हासच्या मागं बुरशी धरलेली दिसते. बबलरॅप फक्त प्रवासापुरता. त्यातही फुगे बाहेरच्या बाजूला, नाहीतर रंगावर त्यांचे गोल ठसे उमटतात. एरवी सुती कापड, फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना रबराचे ठोकळे म्हणजे भिंत आणि चित्र यांत हवा खेळते, आणि कागदावरच्या कामाला ॲसिड-फ्री (आम्ल नसलेलं) माउंट. गुंडाळायचंच झालं तर रुंद नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून.

चौथ्या शनिवारी गॅलरीशी करायचा करार येतो. प्रत्येक चित्राचा क्रमांक आणि भाव, कमिशन, विकल्यावर किती दिवसांत पैसे, वाटेत फाटलं तर कुणाचं, न विकलेलं कधी परत, असा नमुना हातात देतात. चांगला आहे, जपून ठेवावा. पण वर्गाचा रोख मुंबईच्या गॅलरीच्या भिंतीकडे आहे हे इथून पुढं जाणवत राहतं. कोल्हापूरचा स्टुडिओ ऑर्डरवर चालतो. चित्रकार आबालाल रहिमानांची दरबारी नेमणूक आणि बाबूराव पेंटरांचे नाटकांचे पडदे इथपासून ते असंच आहे. आजही कारखान्याच्या संस्थापकांचं तैलचित्र, संस्थेच्या दारातला अर्धपुतळा, लग्नाच्या पंचविशीचं जोडप्याचं पोर्ट्रेट यांवरच घर चालतं. त्याला वर्गात दिलेला वेळ: जेवणाच्या सुट्टीआधीची वीस मिनिटं.

त्या वीस मिनिटांत जे सुटलं ते किमान इथं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ (ख): दुसऱ्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेलं चित्र किंवा व्यक्तिचित्र असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक सांगणारा असतो, काढणारा नव्हे. म्हणजे संस्थेनं तेच तैलचित्र कॅलेंडरवर छापलं तर जादा पैसे मागता येत नाहीत. उपाय स्वस्त आहे: ऑर्डरच्या पत्रात ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, ग्राहकाला मूळ चित्र लावण्याचा हक्क’ अशी ओळ आणि खाली दोघांच्या सह्या. हक्क विकायचाच असेल तर मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर भारत. चित्राखाली नाव असण्याचा आणि मोडतोड रोखण्याचा कलम ५७ चा हक्क मात्र कॉपीराइट विकल्यानंतरही कलाकाराकडेच राहतो.

शिल्पकारांची अवस्था आणखी बिकट, कारण वर्गात त्यांच्यासाठी वेगळं काहीच नाही. सार्वजनिक जागेतल्या पुतळ्याच्या मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते, आणि ती येईपर्यंत माती ओली ठेवत बसावं लागतं. दरम्यान पुतळा समितीतला प्रत्येक जण येऊन जातो; एकाला मिशी जाड हवी, दुसऱ्याला फेट्याचा तुरा उंच. म्हणून करारात बदलांचा आकडा लिहावा: दोन वेळा फुकट, तिसऱ्यापासून पैसे. रक्कम टप्प्यांनी घ्यावी: बयाणा, मॉडेल पसंत पडल्यावर, ओतकामाला देताना, आणि बसवल्यावर अगदी थोडी. शेवटच्या टप्प्यावर मोठी रक्कम अडकवली तर उद्घाटनाचा मंडप उतरल्यावर ती मागत फिरावं लागतं. धातूचा दर हलता असतो, त्यामुळं ब्राँझचा भाव कोणत्या तारखेचा हेही लिहून ठेवावं.

पाचवा शनिवार आणि सहाव्याचा अर्धा इन्स्टाग्रामवर गेला. रील कशी कापायची हे सांगायला फी कशाला?

सहाव्याच्या उरलेल्या अर्ध्या दिवसात कलाकाराचं निवेदन लिहून घेतात, तो भाग धमाल आहे. मर्यादा दीडशे शब्दांची, आणि ‘माझ्या कुंचल्यातून भावना ओघळतात’ छापाचं प्रत्येक वाक्य लाल शाईनं उडतं. पोर्टफोलिओत बारा ते पंधरा चित्रं, एकाच मालिकेतली. पोर्ट्रेट, निसर्गचित्र आणि अमूर्त यांची भेळ नको. सातव्याला संस्कृती मंत्रालयाच्या फेलोशिपचा अर्ज भरून घेतात: २५ ते ४० वयाला ज्युनिअर, महिना १०,०००, चाळिशीच्या पुढं सिनिअर, महिना २०,०००, मुदत दोन वर्षं. प्रस्तावात दोन वर्षांचं काम सहा-सहा महिन्यांत फोडून दाखवायला लावतात, ते पटलं.

कराच्या आठव्या दिवशी वाटलेला कागद शिळा होता. हातानं काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. कागदावर १२ च. मालाच्या विक्रीला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख हे बरोबर सांगितलं, पण राज्याबाहेर विकताना नियम वेगळे, तेव्हा सीएला विचारावं. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद) करून देण्यासाठी वर्गाबाहेर एजंट उभे असतात. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. आधार आणि पॅन जवळ असले की झालं.

वर्षातून दोन तुकड्या निघतात. मूर्तिकामातल्यांनी पावसाळ्यातली घेऊ नये, गणपतीच्या घाईत चार शनिवार बुडतात आणि फी परत मिळत नाही. जानेवारीच्या तुकडीला नाव घालताना आपल्या मागच्या तीन ऑर्डरींची बिलं सोबत न्या आणि चौथ्या शनिवारी तीच पुढं करून प्रश्न विचारा. शिकवणाऱ्यांना उत्तरं येतात, फक्त विचारल्याशिवाय ते तिकडं वळत नाहीत.