डाव्या क्रँकवरचा पॉवर मीटर: चढापेक्षा सपाटीवर कामाचा

पॉवर मीटर, म्हणजे पेडल मारताना लावलेली ताकद वॉटमध्ये मोजणारं यंत्र, बरेच सायकलस्वार चढासाठी घेतात. पण फक्त डाव्या क्रँकवर (पेडल जोडलेल्या दांड्यावर) बसणाऱ्या मीटरची खरी गरज सपाटीवर, वाऱ्यात पडते. चढावर वजनकाटा आणि घड्याळ असलं तरी बरंच भागतं.

हिशेब बघा. सायकल, बाटल्या, बूट धरून एकूण वजन 80 किलो. चढ 8 टक्के, लांबी 5 किलोमीटर, म्हणजे उंची 400 मीटर. वेळ 30 मिनिटं. नुसतं वजन वर न्यायला 80 × 9.81 × 400 ÷ 1800, म्हणजे सुमारे 174 वॉट लागतात. टायर, हवा आणि चेन मिळून आणखी वीसेक. वजन 10 किलोने वाढलं तर त्याच वेगाला साधारण 24 वॉट जादा. सपाटीवर ताशी 32 किलोमीटरला तेच 10 किलो जेमतेम 4-5 वॉट खातात. तिथे बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते आणि समोरून वारा असला की वेग आणि वजनावरून वॉट काढणाऱ्या ॲपचा अंदाज साफ चुकतो. तिथे मीटरला पर्याय नाही.

आता उणिवा. हा मीटर डाव्या पायाची ताकद मोजून दुप्पट करतो. डावा पाय 48 टक्के काम करत असेल, तर आकडा 4 टक्के कमी दिसतो. हे प्रमाण कायम राहिलं तर स्वतःशी तुलना करायला काहीच अडत नाही. पण दमल्यावर किंवा खड्या चढावर ते बदलतं, आणि नेमकं तिथेच मीटर फसवतो. ओव्हल चेनरिंग (पेडलजवळचं लंबगोल दातेरी चक्र) असेल तर बरेच मीटर आकडा फुगवून दाखवतात.

बसवल्यावर क्रँकची लांबी नीट भरा. 170 मिमीच्या जागी 175 भरलंत तर आकडा 3 टक्के वाढतो. सायकल 10-15 मिनिटं बाहेर ठेवून, क्रँक सरळ खाली धरून आणि पेडलवर पाय न ठेवता झीरो ऑफसेट करा, म्हणजे भार नसताना मीटरचा शून्य ठरवून घ्या. घरातल्या उबेतून थेट थंडीत निघालात तर पहिल्या अर्ध्या तासाच्या आकड्यांवर विसंबू नका. शंका आली तर मागचा ब्रेक आवळून क्रँक आडवी धरा आणि डाव्या पेडलला 20 किलोचं वजन टांगा: 172.5 मिमी क्रँकवर दुप्पट न केलेला टॉर्क (क्रँक फिरवणारा जोर) 33.8 न्यूटन-मीटरच्या जवळ दिसला पाहिजे.

फक्त लांब चढ चढणाऱ्याने यावर पैसे घालू नयेत. सपाटीवर ठरावीक वॉट धरून सराव करणाऱ्याने जरूर घ्यावा. दोन्ही पायांत मोठा फरक असेल, तर मात्र दोन्ही बाजू मोजणाराच मीटर बघावा.