टेलिफोटो लेन्सची कॉलर: कंपनीची घ्यायची, बाहेरची, की नुसता पाय बदलायचा?

हिवाळ्यात नाथसागरावर (जायकवाडी धरणाच्या जलाशयावर) रोहित आणि चक्रवाक टिपायला येणाऱ्यांकडे आता ४००, ५००, ६०० मिलिमीटरच्या लेन्स सर्रास दिसतात. लेन्सवर लाखभर रुपये घालणारा माणूस कॉलरपाशी, म्हणजे लेन्सभोवतीची कडी आणि ट्रायपॉडला बसणारा तिचा पाय यापाशी, येऊन मात्र अडतो. कंपनीची घ्यावी की ऑनलाइन मिळणारी स्वस्तातली? आहे त्याच कॉलरला प्लेट (ट्रायपॉडच्या क्लॅम्पमध्ये अडकणारी पट्टी) लावून भागेल का? आमचं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक मोठ्या लेन्सच्या कॉलरची कडी ठीकठाक असते, कच्चा असतो तो कडीखालचा पाय. त्यामुळे पैसे घालायचेच तर आधी पायाचा विचार करा. याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

कॉलर लागते कुणाला

कॅमेऱ्याचा तळ ट्रायपॉडवर कसला आणि पुढे दोन किलोची लेन्स लोंबत ठेवली, तर लेन्सचा गुरुत्वमध्य माउंटच्या (कॅमेरा आणि लेन्सच्या जोडाच्या) साधारण १०-१२ सेंटिमीटर पुढे येतो. हा सगळा पीळ आधी माउंट झेलतो, मग कॅमेऱ्याच्या तळाचा एकुलता एक स्क्रू, आणि शेवटी बॉलहेड (ट्रायपॉडचं गोळ्यावर फिरणारं डोकं). बॉलहेड कितीही आवळा, हात सोडला की फ्रेम केसभर खाली बसते. उभी फ्रेम घ्यायला हेड ९० अंशांत आडवं केलं, तर प्लेट स्क्रूभोवती फिरायला लागते. कॉलर लावली की वजन ट्रायपॉडच्या मध्यावर येतं आणि आडवी-उभी फ्रेम नुसती कडी सैल करून बदलता येते.

केसभर हलल्याने काय बिघडतं, याचा हिशोब करून पाहा. फुल फ्रेमवर ६०० मिलिमीटरचा आडवा दृष्टिकोन सुमारे ३.४ अंश. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एवढ्यात ६००० पिक्सेल बसतात. म्हणजे शटर उघडं असताना लेन्स अंशाच्या शंभराव्या भागाइतकी हलली, तरी चित्र १७ पिक्सेल पसरतं. क्रॉप सेन्सरवर ४०० मिलिमीटरला जवळपास हेच लागू होतं.

पण सगळ्यांनाच कॉलर लागत नाही. कॅननची आरएफ १००-४०० (६३५ ग्रॅम), सोनीची ७०-३५० (६२५ ग्रॅम), निकॉनच्या ७०-३०० या लेन्स कॅमेऱ्याच्या तळावर बसवून चालतात. त्यांच्यासाठी पट्टा-कॉलर शोधत बसू नका. किलोभराच्या आतली आखूड लेन्स असेल तर एक बरी प्लेट आणि दणकट हेड पुरे. सव्वा किलोच्या पुढे मात्र कॉलरला पर्याय नाही. मधल्या वजनात तुम्ही काय टिपता त्यावर ठरतं: उडते पक्षी हातातच टिपणार असाल तर नको, चंद्र, घरटं, पहाटेचा मंद प्रकाश, व्हिडिओ असेल तर हवी.

आधी लेन्सला जागा आहे का ते पाहा

खरेदीतली सर्वात मोठी चूक इथे होते. लेन्सचे चार प्रकार पडतात आणि चौघांचं उत्तर वेगळं आहे.

पहिला, कॉलर सोबतच येते आणि पूर्ण निघते. निकॉन २००-५०० कॉलरसकट २३०० ग्रॅम, काढल्यावर २०९०. झेड १८०-६०० सकट २१४०, काढल्यावर १९५५. हातात धरून दिवस काढायचा तर हे दोनशे ग्रॅम जाणवतात.

दुसरा, कडी कायमची आणि फक्त पाय निघतो. कॅनन ईएफ १००-४०० ची दुसरी आवृत्ती, सोनी १००-४०० जीएम आणि २००-६०० या गटातल्या. यांच्यासाठी ‘नवीन कॉलर’ असा प्रकारच नाही. कुणी विकत असेल तर तो पाय आहे की लेन्सवर अजून एक पट्टा, हे नीट वाचून घ्या.

तिसरा, जागा आहे पण कॉलर वेगळी विकत घ्यायची. कॅनन ईएफ ७०-२०० एफ/४ ला ए-टू ही पांढरी कडी, निकॉनच्या एएफ-एस ७०-२०० एफ/४ आणि ३०० एफ/४ पीएफ या दोघींना एकच आरटी-१, टॅमरॉन १००-४०० ला ए०३५टीएम, सिग्माच्या मिररलेस १००-४०० डीजी डीएन ला टीएस-१११. कंपनीची की बाहेरची, हा प्रश्न खऱ्या अर्थाने याच गटाचा.

चौथा, जागाच नाही. सिग्माची डीएसएलआरसाठीची १००-४०० याचं ठळक उदाहरण: ११६० ग्रॅम वजन, तरी कॉलरची सोय नाही. नावं सारखी म्हणून टीएस-१११ मागवाल तर ती या लेन्सवर बसणार नाही. मागवण्याआधी लेन्सवरचं पूर्ण नाव वाचा.

कंपनीची आणि बाहेरची, शेजारी शेजारी

कंपनीची कडी लेन्सच्या बैठकीच्या मापाने कोरलेली असते. आतलं अस्तर पातळ, फिरणं लोण्यासारखं, खुणेची रेघ जागेवर, आणि स्क्रू थोडा सैल झाला तरी कडी एकदम उघडू नये अशी रचना. तोटे दोन. किंमत, आणि बहुतेकींच्या पायाला नुसतं स्क्रूचं भोक असणं. अर्का खाच (पाय थेट क्लॅम्पमध्ये सरकवता येईल अशा तिरप्या कडा) नसते, त्यामुळे वर प्लेटचा खर्च येतोच. वर सांगितलेल्या टॅमरॉन आणि सिग्माच्या कॉलरना ही खाच मुळातच आहे. तिथे कंपनीचीच घ्यावी, बाहेरचीत वाचवण्यासारखं फार काही उरत नाही.

बाहेरच्या कॉलरमध्येही दोन जाती आहेत. कर्क किंवा रिअली राइट स्टफ यांच्यासारख्यांच्या कॉलर कंपनीच्या मूळ कॉलरपेक्षा जाड आणि ताठ असतात, स्वस्त मात्र नसतात. निकॉनच्या जुन्या एएफ-एस ३०० एफ/४ ची मूळ कॉलर उंच, सडपातळ पायामुळे थरथरते; त्या लेन्सला अशी बाहेरची कॉलर हा खरा इलाज, आणि आमच्या नियमाचा एक ठळक अपवाद. सेकंडहँड बाजारात ही लेन्स अजून फिरते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दुसरी जात म्हणजे हुबेहूब नकला. आयशूट, हाओगे यांच्या कॉलर भारतात ऑनलाइन मिळतात, आणि बिननावाच्या तर ढिगाने. यांतल्या काही चांगल्या असतात. कमी पडतात त्या तीन ठिकाणी. आतला व्यास अर्धा मिलिमीटर मोठा ठेवून जाड फेल्ट किंवा रबराने फट भरलेली असते. रबर दाबलं जातं आणि परत उसळतं, म्हणजे तुम्ही लेन्स आणि ट्रायपॉड यांच्यामध्ये स्प्रिंगच बसवली. दुसरं, बिजागरी: पिन सैल असेल तर कडी बंद करूनही दोन अर्धी एकमेकांवर सरकतात. तिसरं, स्क्रूचे आटे ॲल्युमिनियममध्येच पाडलेले असतात. वर्षभर आवळून-सोडून ते झिजतात. आत स्टीलची बुशी (आटे असलेली छोटी नळी) बसवली आहे का, हे विक्रेत्याला विचारा.

अस्तराच्या गोंदाची एक अडचण आपल्याकडे जास्त भोवते. मे महिन्यात नांदेड-परभणीचा पारा ४२ च्या पुढे जातो. बंद गाडीत तर विचारूच नका. स्वस्त अस्तराचा गोंद तेव्हा पाघळतो, पट्टी सरकते आणि लेन्सच्या रंगावर चिकट डाग उरतो. फेल्टचं वेगळं दुखणं: ऑक्टोबरात सोयाबीनच्या काढणीची आणि मग काळ्या मातीची बारीक धूळ त्यात शिरते आणि कडी करकर फिरते. तेल, ग्रीस, गंज काढायचा स्प्रे यांतलं काहीही घालू नका, धूळ आणखी धरते. कडी उघडा, ब्लोअरने झाडा, कोरड्या मायक्रोफायबरने पुसा.

थोडक्यात, ७०-२०० एफ/४ किंवा ३०० पीएफसारख्या हलक्या लेन्सला चांगली नक्कल चालते. दोन किलोच्या लेन्सवर बिननावाची कडी लावू नका. तिथे कडी सुटण्याची किंमत लेन्सएवढी असते.

नुसता पाय बदलणं

दुसऱ्या गटातल्यांनी आणि पहिल्यातल्या बहुतेकांनी इथे थांबावं. पायाचा ताठपणा ठरतो उंचीवर आणि जाडीवर. बाजूने लागणाऱ्या बळाला दांड्याचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. उंची दुप्पट तर वाकणं आठपट. म्हणून बुटका, रुंद पाय उंच पायापेक्षा नेहमीच सरस. पण अगदी बुटकाही नको: पाय आणि लेन्स यांच्यामध्ये हातमोज्यासकट चार बोटं जायला हवीत, कारण लेन्स उचलायची मूठ तीच. बोटं जात नसतील तर लोक झूमच्या रिंगला धरून उचलतात.

नवा पाय घेताना खाच पाहा. अर्का खाचेची रुंदी सुमारे ३८ मिलिमीटर आणि कडा ४५ अंशांच्या, पण हे कुणी एका संस्थेने ठरवून दिलेलं काटेकोर मानक नाही. वेगवेगळ्या कंपन्यांत फरक पडतो. नॉबने आवळायचा क्लॅम्प तो फरक सामावून घेतो. खटक्याचा, जुळवणी नसलेला क्लॅम्प घेत नाही. तिथे पाय एक तर शिरत नाही, नाहीतर बंद करूनही डुलतो. दोन्ही टोकांना छोटे अडथळा-स्क्रू आहेत ना, तेही बघा. क्लॅम्प चुकून सैल झाला तर लेन्स घसरून जाण्यापासून तेच वाचवतात.

लांबी किती? गिंबल (जड लेन्स तोलून धरणारं, झुलतं हेड) वापरणार असाल तर १० सेंटिमीटर किंवा जास्त. सोनी २००-६०० आणि निकॉन १८०-६०० आतल्या आत झूम होतात, त्यांचा तोल फारसा हलत नाही, आखूड पायही चालतो. सिग्मा-टॅमरॉनच्या १५०-६०० आणि निकॉन २००-५०० चं नळकांडं बाहेर येतं आणि तोल पुढे सरकतो. तोल काढताना हूड, कॅमेरा, बॅटरी सगळं लावून, झूम नेहमी वापरता त्या ठिकाणी ठेवून काढा.

बदलीचा पाय मूळ पायाच्याच खोबणीत बसतो. बसवताना हे क्रमाने करा: लेन्स उशीवर आडवी ठेवा, दोन्ही पृष्ठभाग कोरडे पुसा, स्क्रू आधी बोटांनी पूर्ण आत घ्या, मग ॲलन कीने आवळा. जिथे पाय स्क्रूंनीच धरलेला असतो तिथे मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब बरा. लाल वापरू नका, पुढे पाय काढताना आटे उपटून येतील.

प्लेट लावून भागवणं

सगळ्यांत स्वस्त मार्ग, आणि पुष्कळांना पुरेसा. अट एकच: प्लेट एका स्क्रूवर उभी नको. एका स्क्रूवरची प्लेट लांब लेन्सच्या पिळाला हटकून फिरते. पायाला दोन भोकं असतील तर दोन स्क्रूंची प्लेट घ्या, एकच असेल तर कडेला अडणारी ओठ असलेली. स्क्रू १/४ इंची आहे की ३/८ हे आधी पाहा. टॅमरॉन १५०-६०० जी२ आणि १५०-५०० च्या पायाला खाच मुळातच आहे. त्यांना प्लेट लावणं म्हणजे फुकटची उंची वाढवणं.

वाळूजमध्ये करून घेता येईल का

हा प्रश्न फक्त आपल्याकडेच पडावा. वाळूज, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या, धातू कोरायच्या) मशिनवाल्यांची कमी नाही, आणि पाय करून घेणं अजिबात अशक्य नाही. ६०६१ ॲल्युमिनियम, मूळ पाय नमुन्याला, खाचेसाठी ४५ अंशांचा डव्हटेल कटर, कडा मारलेल्या, शेवटी काळं ॲनोडायझिंग. एका नगासाठी सेटिंगचा वेळ कुणालाच परवडत नाही. त्याच लेन्सवाले चार-पाच जण जमवा. कडी मात्र करून घेऊ नका. गोल बैठक, अस्तर, बिजागरी आणि सुरक्षित कुलूप हे चारही एका नगात जुळून येणं कठीण, आणि घट्ट झालेली कडी प्लॅस्टिकचं नळकांडं आवळून झूम जड करते.

ज्यांना जागाच नाही

सिग्माच्या जुन्या १००-४०० सारख्या लेन्सवर पट्टा-कॉलर लावायचीच तर ती फक्त माउंटजवळच्या न फिरणाऱ्या भागावर. फोकसची रिंग, झूमची रिंग किंवा स्विच पट्ट्याखाली गेले तर ती कॉलर कुचकामी. व्हर्निअरने व्यास तीन ठिकाणी मोजा. आम्ही मात्र बीन बॅगच (दाणे भरलेली पिशवी) सुचवू. गाडीच्या खिडकीत, धरणाच्या दगडी पिचिंगवर तिच्याइतकं स्थिर फार थोडं असतं. ज्वारी भरली तर घट्ट बसते, पण पावसाळ्यानंतर किडे होतात. दरवर्षी बदला किंवा प्लॅस्टिकचे दाणे भरा. कॉलर असलेल्यांनीही बीन बॅगवर पाय फिरवून वर करावा.

पार्सल आल्यावर

परत करायची मुदत संपण्याआधी घरातच तीन गोष्टी तपासा. लेन्स ट्रायपॉडवर लावा, लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करून समोरच्या गच्चीवरच्या टाकीची कड मध्यावर घ्या, सगळं आवळा आणि हात सोडा. कड सरकली तर कुठला सांधा बसतो ते एकेक आवळून शोधा. मग हूडच्या टोकावर बोटाने हलकी टिचकी मारा आणि चित्र किती वेळात शांत होतं ते बघा. पाय बदलून, प्लेट काढून हेच करा, फरक डोळ्यांना दिसतो. शेवटी स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर, १/१५ सेकंद शटर, आणि तीच कड कडी आडवी आणि उभी फिरवून पाच-पाच वेळा. उभ्या फ्रेम सातत्याने मऊ, म्हणजे किंचित धूसर, येत असतील तर कडी सैल आहे, आणि अस्तर जाड करून ते दुखणं जाणार नाही, परत पाठवा.