डॉलरचा दर आधीच बांधावा की मोकळा सोडावा? बेळगावच्या उद्योजकापुढील दोन मार्ग

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखादा फाउंड्रीमालक कास्टिंगचा, म्हणजे धातू ओतून घडवलेला माल परदेशी पाठवून ५०,००० डॉलरचे बिल करतो, तेव्हा पैसे हाती पडायला सहसा नव्वद दिवस लागतात. तेवढ्या अवधीत डॉलर एका रुपयाने हलला तरी त्याच्या खात्यात ५०,००० रुपयांचा फरक पडतो. बँकेशी फॉरवर्ड करार करून दर आजच बांधून घ्यावा, की पैसे येतील त्या दिवशीचा दर पत्करावा, याचे उत्तर रिझर्व्ह बँक रुपयाला किती हलू देते यावर बरेचसे अवलंबून असते.

१९९३ पासून रुपयाचा दर बाजारात ठरतो. चढउतार फार तीव्र झाले तरच रिझर्व्ह बँक डॉलर विकून किंवा खरेदी करून हस्तक्षेप करते. त्याआधी दर धरून ठेवला जाई आणि धक्का एकदमच बसे: जुलै १९९१ मध्ये तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन होऊन २१ रुपयांच्या आसपासचा डॉलर सुमारे २६ रुपयांवर गेला. श्रीलंकेने आपला रुपया डॉलरमागे २०० च्या आसपास धरून ठेवला होता, तो मार्च २०२२ मध्ये सोडताच दोन महिन्यांत डॉलर ३५० रुपयांच्या पलीकडे पोहोचला. त्या मानाने आपले धक्के लहान आहेत, मात्र लहान धक्क्यांमुळे माणूस गाफील राहतो. २०२३ मध्ये डॉलर बहुतेक काळ ८१ ते ८३ रुपयांच्या घरात राहिला आणि माझ्या अशिलांपैकी अनेकांनी दर बांधणेच सोडून दिले. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये तो ८७ च्या वर गेला, तेव्हा एका मालकाने आपल्या ५०,००० डॉलरच्या बिलामागे पेन्सिलीने दर लिहून मला दाखवला आणि म्हणाले, “थांबूया की जरा, चढतोय अजून.” मेच्या सुरुवातीस त्यांचे पैसे आले, तोवर डॉलर ८४-८५ वर उतरला होता. सव्वा लाखाचा हा फटका म्हणजे, पाच-सहा टक्क्यांवर चालणाऱ्या धंद्यात, त्या खेपेचा जवळजवळ निम्मा नफा.

दर बांधण्यात निर्यातदाराला एक जादा लाभही असतो. भारतातील व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त असल्यामुळे पुढच्या तारखेचा डॉलर आजच्यापेक्षा थोडा महाग मिळतो आणि हा प्रीमियम विकणाऱ्याच्या पदरात पडतो. एकेकाळी तो वर्षाला पाच-सहा टक्के असे; अमेरिकेने व्याजदर वाढवल्यावर २०२३ मध्ये दोन टक्क्यांच्याही खाली आला. शिवाय करार केला आणि ग्राहकाने पैसे लांबवले, तर करार रद्द करताना किंवा पुढे ढकलताना दरातील फरक आपल्याला भरावा लागू शकतो. ज्या ग्राहकाची उधारी नेहमीच रखडते, त्याच्या बिलावर पूर्ण रक्कम बांधणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

दर मोकळा सोडणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. फाउंड्रीच्या भट्टीला लागणाऱ्या कोक या इंधनासाठीचा कोळसा मोठ्या प्रमाणात आयात होतो, त्यामुळे रुपया घसरला की कच्चा माल महागतो आणि बिलाची वाढीव रक्कम त्याची काहीशी भरपाई करते. सगळेच डॉलर आधी बांधले तर ही भरपाई हातची जाते. जे कारखानदार पुण्या-कोल्हापूरच्या निर्यातदाराला रुपयात माल देतात, त्यांना बांधायला डॉलरच नसतो, पण रुपया वधारला की तोच निर्यातदार भाव पाडून मागतो.

खानापूर-चंदगड पट्ट्यातील काजू कारखानदाराचे गणित याच्या उलट आहे. आफ्रिकेतून येणारी कच्ची बी डॉलरमध्ये घ्यायची आणि गर इथल्या बाजारात रुपयात विकायचा, म्हणजे रुपया घसरला की सगळा भार त्याच्यावर. प्रीमियम इथे त्याच्या खिशातून जातो, तरीही त्याने दर बांधावा असेच मी सांगतो, कारण बी गोदामात पडल्यावर गराचा भाव ठरवणे त्याच्या हातात नसते.

जुलै २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रुपयात बिल करण्याची व्यवस्था खुली केली आहे. पण परदेशी ग्राहक ती जोखीम फुकट घेत नाही, भावात सूट मागतो. लहान कारखान्याला हा मार्ग क्वचितच परवडतो.

फाउंड्रीमालकाने कर्जाचा हप्ता, पगार आणि विजेचे बिल यांसाठी लागणारी रक्कम बांधून घ्यावी आणि उरलेली मोकळी ठेवावी. आलेले डॉलर परकीय चलनाच्या खात्यात पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत ठेवता येतात, मात्र त्यावर व्याज मिळत नाही. तेवढी सवड पुरेशी आहे. आणि करार करण्याआधी बँकेने दरात आपला किती कमिशनचा वाटा धरला आहे, हे विचारून घ्यावे. तो वाटा घासाघीस केल्यास कमी होतो.