कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन चालू आहे. सोबत कोल्चिसिन घ्यावं का?

अँजिओप्लास्टी होऊन वर्ष झालं, कोलेस्टेरॉल आटोक्यात आलं, तरी धास्ती जात नाही. ती अनाठायी नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरलेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पांढऱ्या पेशींना तिथे ओढून आणतं, दाह सुरू होतो, तिथे साचलेल्या चरबीच्या थरावरचं आवरण झिजतं आणि एक दिवस फाटून गुठळी धरते. मग औषध कोलेस्टेरॉलवर घ्यायचं की दाहावर?

स्टॅटिन दोन्हींवर चालतं, म्हणून पहिला मान त्याचाच. त्याचा डोस पुरेसा नसेल, तर पुढचा विचार नंतर करा.

दाहावर थेट घाव घालून झटके टळतात, हे २०१७ मध्ये कॅनाकिनुमॅब या दाह शमवणाऱ्या इंजेक्शनने दाखवलं. धोका १५ टक्क्यांनी घटला, पण जीवघेणे संसर्ग वाढले आणि किंमत अफाट. हृदयरुग्णाने ते यादीतून काढावं. संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट इथे उपयोगी पडलं नाही.

उरतं गाउटवरचं (युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीवरचं) जुनं, स्वस्त कोल्चिसिन, रोज ०.५ मिलिग्रॅम. २०२० च्या लोडोको-२ चाचणीत ५,५२२ स्थिर रुग्ण होते. साधारण अडीच वर्षांत झटका, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा अँजिओप्लास्टी-बायपासची पाळी हजारांत ९६ जणांवर आली असती, ती ६८ जणांवर आली. मला हा फरक मोलाचा वाटतो. मात्र नुकताच झटका आलेल्यांबाबत निकाल एकमेकांशी जुळत नाहीत: २०१९ च्या कोलकॉटमध्ये फायदा दिसला, २०२४ च्या क्लिअर चाचणीत ७,०६२ रुग्णांत दिसला नाही.

म्हणून माझा कौल असा: आजार स्थिर असेल, मूत्रपिंड आणि यकृत ठीक असेल, तर डॉक्टरांकडे कोल्चिसिनचा विषय जरूर काढा. झटका ताजा असेल तर घाई नको. मूत्रपिंड बरंच निकामी असेल तर नकोच. जुलाब हा नेहमीचा त्रास. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सोबत आलं तर कोल्चिसिन अंगात साचून विषबाधा होऊ शकते, तेव्हा कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा.

आपल्याकडे पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही हेच द्रव्य असतं. पण तिचा कंद घरी उगाळून घेणं जिवावर बेततं. गोळीतला डोस मोजलेला असतो, कंदातला नाही.

रक्तातून दाहाचा अंदाज देणारं एचएस-सीआरपी तपासायचं असेल तर सर्दी-ताप किंवा दाढदुखी ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासा. मूत्रपिंडाचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्टही सोबत न्या.