घरपोच रुग्णसेवा: ब्युरोचा दर्जा बदलीच्या दिवशी कळतो

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटसाठी माणूस मिळवायचे पुण्या-मुंबईत तीन मार्ग आहेत. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी वॉर्डात कुणीतरी हातात ठेवलेल्या कार्डावरचा ब्युरो (घरी माणसे पुरवणारी छोटी एजन्सी), ॲपवरून बुक होणारी मोठी कंपनी आणि काही मोठ्या रुग्णालयांची स्वतःची होमकेअर शाखा. दर वेगवेगळे, पण जाहिरात एकच: प्रशिक्षित, पोलीस पडताळणी झालेले, २४ तास उपलब्ध. यातला एकही दावा तपासल्याशिवाय मान्य करू नये.

‘प्रशिक्षित’पासून सुरुवात करू. ब्युरोच्या भाषेत पांढरा कोट घातलेली प्रत्येक बाई सिस्टर असते. प्रत्यक्षात मावशी बहुतेक वेळा काम करता करता शिकलेली असते, अटेंडंटने फार तर काही महिन्यांचा कोर्स केलेला असतो. नर्सिंगचे शिक्षण वेगळे: एएनएम (सहायक परिचारिका) २ वर्षांचा आणि जीएनएम (परिचारिका) ३ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. नर्स म्हणून पैसे घेत असतील तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागायचा आणि त्यावरचे नाव आधारकार्डाशी जुळवायचे. ब्युरोने दाखवलेला शॉप ॲक्टचा परवाना दुकान चालवण्याचा असतो, त्याचा सेवेच्या दर्जाशी काही संबंध नाही. अंघोळ, डायपर, भरवणे, कूस बदलणे यासाठी चांगली मावशी पुरेशी आहे, आणि जाणती मावशी नवख्या नर्सपेक्षा कितीतरी बरी. मात्र राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी भरवायची नळी) घालणे, लघवीची नळी बदलणे, ट्रॅकिओस्टॉमीचे सक्शन (श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्रातला कफ ओढून काढणे), शिरेतून इंजेक्शन ही कामे मावशीला करायला लावणारा ब्युरो सरळ बाद करावा.

पोलीस पडताळणीच्या नावाखाली अनेकदा आधारकार्डाची झेरॉक्स पुढे केली जाते. पोलिसांकडून मिळणारे चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र वेगळे असते. त्याची प्रत मागावी, फोटो आणि तारीख पाहावी.

आता २४ तास. दर दोन तासांनी कूस बदलावी लागणाऱ्या पेशंटला चोवीस तासांची एकच बाई ठेवली, तर रात्री दोन आणि चारच्या कुशी बदलल्या जाणार नाहीत. यात तिचा आळस नसतो, माणसाला झोप लागतेच. अशा घरी बारा-बारा तासांच्या दोघी हव्यात. जो ब्युरो पेशंटची अवस्था न विचारता ‘चोवीस तासवाली पाठवतो’ म्हणतो, त्याला हे काम कळलेले नाही.

कामाचा दर्जा कळायला पेशंटची पाठ पाहावी. माकडहाड, खुबे, टाचा आणि डोक्याची मागची बाजू रोज उजेडात तपासायची. लाल डागावर बोट दाबून उचलले आणि लाली तशीच राहिली, तर बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, ती पहिली पायरी आहे. सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही, तिथे आजूबाजूच्या भागापेक्षा गरम, टणक किंवा काळपट झालेली जागा शोधायची. अशा जागेवर पावडर किंवा स्पिरिट लावून जोरात चोळण्याची पद्धत अजून सर्रास दिसते. त्याने खालचे नाजूक झालेले मांस आणखी दुखावते. बाई चोळायला लागली तर तिला शिकवणाऱ्याचा दर्जा तिथेच समजला. हवेची गादी असली तरी कूस बदलणे सुटत नाही. गादीत हवा पुरेशी आहे का हे पाहायला पेशंटच्या कमरेखाली, गादीच्या खालून तळहात सरकवावा. हाड हाताला टेकले तर हवा कमी आहे. कूस बदलताना पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंशांवर कलते ठेवायचे, थेट खुब्यावर नाही. आणि पेशंटला चादरीने दोघांनी उचलून सरकवायचे. ओढले की कातडी सोलते.

नाकातल्या नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी, आणि नंतरही किमान अर्धा तास तशीच. दर वेळी आधी नाकाशी नळीवरची खूण जागेवर आहे का ते पाहायचे. खूण सरकली असेल तर थेंबही द्यायचा नाही, नर्सला बोलवायचे. गाळलेले, कोमट पातळ अन्न २०० ते २५० मिली सिरिंजच्या नळकांड्यातून आपोआप उतरू द्यायचे, पंधरा-वीस मिनिटे लागली तरी चालतील. दट्ट्याने ढकलून दोन मिनिटांत मोकळी होणारी बाई पेशंटला उलटी आणि त्यातून न्यूमोनियाच्या वाटेला लावते. भरवण्याआधी आणि नंतर ३० मिली पाण्याने नळी धुतली नाही की ती तुंबते. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता टांगायची. कूस बदलताना ती पलंगावर ठेवली की लघवी उलटी जाते, जंतुसंसर्गाला तेवढे निमित्त पुरते.

सर्वांत मोठा धोका मात्र इन्सुलिनचा, कारण चूक डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलीत ४० युनिट असते, त्याची सिरिंज लाल टोपीची. इन्सुलिन पेनच्या काडतुसातले आणि काही कुप्यांतले १०० युनिटचे, त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. १०० चे औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ‘१०’ च्या रेघेपर्यंत घेतले तर पेशंटला २५ युनिट जातात. उलट अदलाबदलीत, म्हणजे ४० चे औषध नारिंगी टोपीत, १० ऐवजी ४ च. माणूस पहिल्या दिवशी आला की कुपी आणि सिरिंज पुढे ठेवून ‘दहा युनिट भरून दाखवा’ म्हणावे. त्याने कुपीवरचा आकडा न वाचताच सुई टोचली, तर त्याच्या हातून इन्सुलिन द्यायचे नाही. शुगर ७० च्या खाली गेली आणि पेशंट शुद्धीत व गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचे नाही, १०८ ला फोन.

तिन्ही मार्गांची तुलना करताना एक गोष्ट निर्णायक वाटते: कामावर देखरेख कोण करते. रुग्णालयाच्या शाखेत सहसा नर्स सुपरवायझर असते आणि पेशंटची फाइल तिच्यापर्यंत जाते. गुंतागुंतीच्या पेशंटसाठी जास्त पैसे मोजूनही आम्ही हाच पर्याय सुचवू. ॲपवाल्या कंपन्यांचे बुकिंग, बिले, तक्रारीची नोंद चोख, पण माणूस वारंवार बदलतो आणि कॉल सेंटरला बेडसोर म्हणजे काय ते समजावत बसावे लागते. छोटा ब्युरो सर्वांत बेभरवशाचा. तरी उत्तम मावश्या तिथेच सापडतात.

म्हणूनच ब्युरोची खरी परीक्षा बदलीच्या दिवशी. नेहमीची बाई सणाला गावी गेली की सकाळी आठला दारात कोण येते? तिला पेशंटबद्दल कुणी काही सांगितले आहे का? चांगला ब्युरो बदलीवर येणाऱ्या बाईची कागदपत्रे आदल्या दिवशी पाठवतो आणि जुनी-नवी निदान तासभर एकत्र राहतील असे पाहतो. घरात वही असली की निम्मे काम सोपे: किती वाजता कोणती कूस, किती मिली आत, किती बाहेर, शुगर, औषध, सही. मुले अमेरिकेत आणि आईवडील कोथरूडला अशी परिस्थिती असेल तर वहीच्या पानाचा फोटो रोज रात्री मागावा. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच ठेक्यात दिसल्या तर त्या ड्युटी संपताना बसून लिहिलेल्या असतात. कॅमेरा लावायचा तर बाईला सांगून, आणि कपडे बदलताना तो बंद.

बाईच्या बाजूनेही दोन प्रश्न विचारावेत: तुमच्या पैशांतले तिच्या हातात किती पडतात, आणि सुट्टी कधी. ब्युरो उत्तर टाळत असेल तर ती फार दिवस टिकणार नाही. सुया हाताळणाऱ्या व्यक्तीची हेपेटायटिस बीची लस झालेली हवी, आणि वापरलेल्या सुया टोपी न लावता जाड प्लॅस्टिकच्या बरणीत.

डिपॉझिट परत कधी मिळेल, बदली किती तासांत देणार आणि न दिल्यास पैसे कसे कापणार, हे तीन मुद्दे लेखी घ्यावेत. पगार ब्युरोच्या खात्यावर भरून पावती घ्यावी, बाईला परस्पर ॲडव्हान्स देऊ नये. डिपॉझिट अडले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ज्येष्ठांना मारहाण किंवा हेळसांड होत असल्याचा संशय असेल तर एल्डरलाइन १४५६७, आणि जिवाला धोका असेल तर ११२. अंगावरच्या वळांचे, जखमांचे फोटो तारखेसह आधी काढून ठेवावेत आणि मगच ब्युरोला कळवावे.