मूल्यांकनकार होण्याचा प्राथमिक अभ्यासक्रम: काही महिन्यांच्या वापरानंतर, गोव्यातून

हा अनुभव अभ्यासक्रम संपल्याबरोबर लिहिला असता, तर तो बराच गोड झाला असता. मधल्या काळात संस्थेने माझे खाते बंद केले आणि ते पुन्हा उघडण्यासाठी पैसे मागितले. त्यावरून जो पत्रव्यवहार झाला, तो वाचल्यावर आधीचे कौतुक जसेच्या तसे ठेवणे मला शक्य नव्हते.

अभ्यासक्रम महाराष्ट्रातील एका खाजगी संस्थेचा आहे. नाव देत नाही. कंपनी कायद्याच्या कलम 247 खाली आणि 2017 च्या नियमांनुसार नोंदणी करण्यासाठी जो 50 तासांचा वर्ग मान्यताप्राप्त मूल्यांकनकार संघटनेकडूनच करावा लागतो, तो हा नव्हे. त्या वर्गाआधी विषयाची तोंडओळख आणि परीक्षेचा सराव, एवढेच याचे काम आहे. पात्रता, अनुभवाची अट आणि नोंदणीची पुढची पायरी वाचकांना ठाऊक असेलच, म्हणून त्यात शिरत नाही. मी फोंडा तालुक्यात स्थापत्य अभियंता म्हणून बांधकामाच्या देखरेखीचे काम करतो, आणि साइटवरची धावपळ कमी करून जमीन-इमारतींच्या मूल्यांकनाकडे वळावे, असे बरेच दिवस मनात होते.

फी 9,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 10,620 रुपये. वैधता सहा महिने. ती पैसे भरल्याच्या दिवसापासून मोजली जाते, पण पाठ मात्र संस्था आपल्या गतीने, आठवड्याला एक या हिशेबाने उघडते. त्यामुळे शेवटचे पाठ, म्हणजे नेमके उदाहरणे सोडवण्याचे पाठ, विद्यार्थ्याच्या हाती फार थोडा काळ राहतात. मुदतवाढीसाठी 4,500 रुपये आणि वर पुन्हा जीएसटी. फोनवरच्या बाईंनी अतिशय सौजन्याने सांगितले, “सर, सिस्टीमच तशी आहे.” सिस्टीम कोणी तयार केली, हे विचारल्यावर मात्र त्यांनी ईमेल करण्यास सांगितले. पीडीएफ उतरवून घेता येत नाही आणि प्रत्येक पानावर आपला मोबाइल क्रमांक आडवा छापलेला दिसतो. ज्याला कागदावर पेन्सिलीने खुणा करत वाचण्याची सवय आहे, त्याने ही गोष्ट पैसे भरण्याआधी लक्षात घ्यावी.

आता एक्सेल शीटबद्दल. या अभ्यासक्रमाची जाहिरातच “तयार रिपोर्ट शीट मोफत” अशी होती आणि खरे सांगायचे तर मी तिच्याच मोहाने पैसे भरले. शीटमध्ये जमिनीचे पान फक्त गुंठ्यांत माहिती घेते आणि बांधकामाचे पान फक्त चौरस फुटांत. दोन्ही रकान्यांच्या सूत्रांना कुलूप आहे. गोव्यात जमिनीचा व्यवहार चौरस मीटरमध्ये होतो. सर्वेचा नकाशा, सनद, विक्रीखत, बँकेचा फॉर्म, सगळीकडे मीटरच. फॉर्म एक-चौदावर, म्हणजे गोव्याच्या सातबारावर, क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे लिहिलेले असते. गुंठा हा शब्द आमच्याकडे कळतो, पण त्यात सौदा करताना मी कोणाला पाहिलेले नाही.

कोणी म्हणेल, गुणाकार करून घ्यावा, त्यात एवढे काय? मीही पहिल्यांदा तेच केले. सरावासाठी 625 चौरस मीटरचा भूखंड घेतला. गुंठा 101.17 चौरस मीटरचा, म्हणजे 6.18 गुंठे. शीटचा रकाना दशांशानंतर एकच अंक घेतो, म्हणून त्याने ते 6.2 केले. 6.2 गुंठे म्हणजे 627 चौरस मीटरांहून थोडे अधिक. उदाहरणापुरता 20,000 रुपये प्रति चौरस मीटर दर धरला, तर रिपोर्टात सुमारे 45,000 रुपये हवेतून आले. रक्कम लहान वाटेल, पण रिपोर्टातले क्षेत्र एक-चौदाशी जुळत नसेल तर बँकेचा अधिकारी पुढचे पान न वाचताच तो परत पाठवतो, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही. ज्या धंद्यात आकड्यावर सही करून पैसे घ्यायचे असतात, त्या धंद्याचे पहिले साधनच विद्यार्थ्याच्या हाती असे चुकीचे द्यावे, याचा मला राग आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही. मी संस्थेला ही तक्रार गणितासकट लिहिली. उत्तर आले की शीट “महाराष्ट्राच्या गरजेनुसार” बनवली आहे. जाहिरातीत मात्र “संपूर्ण भारतासाठी” असे ठळक अक्षरांत होते.

शीट बाजूला ठेवली, तर शिकवणे चांगले आहे, आणि काही ठिकाणी फारच चांगले. भाडे भांडवलीकरणाचा, म्हणजे भाड्यावरून मूल्य काढण्याचा, पाठ एका निवृत्त अभियंत्यांनी घेतला आहे. जुन्या भाडेकरूंच्या इमारतीचे निव्वळ वार्षिक भाडे 24,000 रुपये आणि अपेक्षित परतावा 8 टक्के धरला, तर वर्षगुणक 12.5 येतो आणि मूल्य 3 लाख. त्याच इमारतीखालची जमीन मोकळी असती तर तिची किंमत किती झाली असती, हे त्यांनी शेजारी लिहून दाखवले आणि दोन आकड्यांमधली दरी भाडे नियंत्रण कायद्याने कशी निर्माण केली, ते कोणताही आव न आणता समजावले. त्यांचे उदाहरण मुंबईच्या चाळीचे होते, पण 1968 च्या आमच्या भाडे नियंत्रण कायद्याखाली पणजी-मडगावच्या जुन्या इमारतींत असलेल्या भाडेकरूंना ते तंतोतंत लागू पडते. पट्टा पद्धत, म्हणजे रस्त्यालगतच्या पट्ट्याला पूर्ण दर, मधल्याला दोन तृतीयांश आणि मागच्याला निम्मा, हीसुद्धा त्यांनी नुसती सांगितली नाही, तर पट्ट्याची खोली किती धरावी यावर मूल्यांकनकाराचा न्याय कसा लागतो, ते दाखवले. 2013 च्या भूसंपादन कायद्यातील कलम 26 चा हिशेब मी इतक्या स्पष्टपणे आधी कुठे वाचला नव्हता: मागील तीन वर्षांची विक्रीखते घ्यायची, त्यांतली जास्त किमतीची निम्मी वेगळी काढायची आणि त्यांची सरासरी करायची.

घसाऱ्याच्या, म्हणजे वयानुसार मूल्य घटण्याच्या, पाठात मात्र सगळी घरे विटांची आणि काँक्रीटची आहेत. आमच्याकडचे जुने घर चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतींचे आणि मंगळुरी कौलांचे. त्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहतात आणि छपराचे लाकूड मात्र पावसाने व वाळवीने त्याच्या कितीतरी आधी जाते. अशा घराला एकच आयुष्य धरून सरळ रेषेत घसारा काढला, तर भिंतींवर अन्याय होतो आणि छपराला फुकटचे मूल्य मिळते. मी आता भिंती आणि छप्पर वेगळे मोजतो. ही गोष्ट अभ्यासक्रमाने शिकवली नाही, पण घसारा म्हणजे नेमके काय हे त्याने नीट शिकवले असल्यामुळेच ती सुचली, एवढे श्रेय द्यायला हवे.

गोव्याच्या विद्यार्थ्याला सर्वांत मोठी उणीव भासते ती हक्कांच्या बाबतीत. अभ्यासक्रमातील मालकी म्हणजे सातबारावरचे नाव. मी ज्या ज्येष्ठ मूल्यांकनकारांकडे सुट्टीच्या दिवशी मदतनीस म्हणून जातो, ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “आधी इतर हक्कांचा रकाना वाच, मग टेप बाहेर काढ.” एक-चौदावर कब्जेदाराच्या खाली कुळाचे नाव असू शकते, इतर हक्कांत मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, असू शकतो. 1975 च्या मुंडकार कायद्याखाली राहते घर आणि त्याभोवतीची जमीन, पंचायत हद्दीत 300 आणि नगरपालिका हद्दीत 200 चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्क मुंडकाराला आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात अशी तीन घरे असतील, तर मोकळ्या भाटाचा दर संपूर्ण क्षेत्राला लावणारा रिपोर्ट निरुपयोगी ठरतो. कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या सामुदायिक संस्थेची) जमीन, किनाऱ्यालगतचे भरतीरेषेचे निर्बंध, खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन), शहर सर्वेक्षणातला चलता नंबर आणि पी. टी. शीट, यांपैकी एकाचाही उल्लेख नाही. वारसांमधील वाटणीच्या, म्हणजे इन्व्हेंटरीच्या, खटल्यात मालमत्तेचे मूल्य ठरवून घरच्याच वारसांमध्ये बोली लागते आणि तिथे मूल्यांकनकाराला खरे काम मिळते, हेही नाही. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या समान मालमत्ता पद्धतीत पती-पत्नी दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो, म्हणून जोडीदाराच्या सहीविना विक्री होत नाही. हे न कळणारा मूल्यांकनकार तुलनेसाठी घेतलेले विक्रीखतसुद्धा नीट वाचू शकणार नाही. एका राज्यासाठी संस्थेने सगळे वेगळे शिकवावे, अशी माझी अपेक्षा नाही. “तुमच्या राज्याचे हक्कपत्रक वेगळे असेल, ते आधी वाचा” एवढे एक वाक्य पुरले असते.

आचारसंहितेच्या पाठाबद्दल माझे पहिले मत वाईट होते. तास भरून काढण्यासाठी नियम वाचून दाखवले आहेत, असेच वाटले आणि तो पाठ मी वेग वाढवून ऐकला. पुढे बार्देशातील एका दलालाने त्या ज्येष्ठ मूल्यांकनकारांना माझ्यासमोरच सुचवले की आकडा जरा वर धरावा आणि कर्ज मंजूर झाल्यावर टक्केवारीने फी घ्यावी. त्यांनी शांतपणे सांगितले की यशावर अवलंबून फी घेण्यास आचारसंहितेत मनाई आहे, आणि या कामाची टिपणे व कागद किमान तीन वर्षे कार्यालयात ठेवावे लागतात, तेव्हा हा आकडा कुठून आला हे उद्या कोणीही विचारू शकेल. दलाल चहा न घेताच गेला. घरी येऊन मी तोच पाठ नेहमीच्या वेगाने पुन्हा ऐकला. आपला हितसंबंध असलेल्या मालमत्तेचे मूल्यांकन, नेमणुकीआधीची तीन वर्षे आणि मूल्यांकनानंतरची तीन वर्षे धरून, करता येत नाही, हा भाग लहान राज्यात किती अडचणीचा आहे, ते तेव्हा उमगले. इथे निम्मे अशील नात्यातले किंवा गाववालेच असतात.

परीक्षेच्या सरावाचे प्रश्न मध्यम दर्जाचे आहेत. नोंदणीसाठीची खरी परीक्षा 100 गुणांची, दोन तासांची, उत्तीर्ण होण्यासाठी 60 गुण आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक चतुर्थांश गुण वजा. सराव चाचणीत मात्र गुण वजाच होत नाहीत, त्यामुळे तिथे मिळणाऱ्या गुणांवर विसंबू नये. आपले वजा गुण आपणच वहीत मोजावेत.

एवढे लिहून झाल्यावर संस्थेचे पत्र आले, म्हणून हा भाग वाढवतो. पाठ उघडण्याच्या गतीबद्दलचा माझा मुद्दा त्यांनी मान्य केला, खाते एक महिन्यासाठी विनामूल्य उघडून दिले आणि नवी शीटही पाठवली. मुदतवाढीचे पैसे भरण्याआधी ईमेलवर लेखी भांडून पाहावे, असे मी इतरांनाही सुचवीन. फोनचा काही उपयोग नाही. नव्या शीटमध्ये जमिनीचे पान चौरस मीटर घेते आणि 625 टाकल्यावर 625 च राहतात. बांधकामाचे पान मात्र अजून फुटांतच आहे आणि शेवटच्या पानावर दर अक्षरांत छापताना त्यापुढे आपोआप “प्रति गुंठा” असे उमटते. त्याबद्दलची दुसरी तक्रार काल पाठवली आहे.